हिमतीचं कौतुक पुरे, सोबतीचं बोला

मार्च महिना आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक बाई हमखास भेटते. नवरा गेला, पदरात दोन लेकरं, डोक्यावर कर्ज; पण ती खचली नाही. तिने शिलाई मशीन घेतलं, किंवा दोन शेळ्या घेतल्या, किंवा स्वतः औत हाकलं, आणि आज तिचा मुलगा इंजिनिअर आहे. लेखाचा शेवट ठरलेला असतो: जिद्द असली की बाई कशातूनही उभी राहते. हेच वाक्य पुढे सत्काराच्या भाषणांत येतं, व्याख्यानमालेत येतं, आणि तहसील कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या दुसऱ्या एखाद्या विधवेची समजूत घालतानाही येतं. ‘त्या बाईंनी केलंच ना सगळं? हिंमत ठेवा, ताई.’

या वाक्याला माझा विरोध आहे. ते चांगल्या मनाने बोललं जातं हे मला मान्य आहे. दुःखात असलेल्या बाईला धीर द्यावा असंच बोलणाऱ्याला वाटत असतं. पण ते खरं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ते फार सोयीचं आहे. एक बाई जिद्दीमुळे उभी राहिली असं म्हटलं की जी उभी राहू शकली नाही तिची जिद्द कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. मग दिराला काही विचारायला नको, तलाठ्याला नको, पतसंस्थेला नको, ग्रामसभेला नको, सरकारला नको. सगळा हिशोब त्या एकटीच्या नावावर मांडून आपण मोकळे होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सव्वाचार कोटींहून अधिक विधवा होत्या. नवऱ्याच्या मरणानंतर दुसऱ्या दिवशी ज्यांनी मुलांच्या पुढ्यात भाकरी ठेवली त्या सगळ्यांकडे जिद्द होती. तरी काहींच्या मुली शिकल्या आणि काहींच्या पंधराव्या वर्षी उजवल्या गेल्या. काहींच्या नावावर जमीन आली आणि काही त्याच जमिनीवर मजुरीने राबत राहिल्या. हा फरक मनोबलाने पडत नाही. कुणाच्या भोवती माणसं उभी राहिली आणि कुणाच्या नाही, याने तो पडतो. लेकुरवाळी विधवा उभी राहते ती संघटित सोबतीच्या बळावर, आणि ही सोबत हा तिचा हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच आहे.

नवरा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष कसं जातं ते आधी पाहू, कारण कौतुकाचे लेख नेमकं हेच वर्ष दोन ओळींत उरकतात.

विदर्भातली किंवा मराठवाड्यातली तिशीची बाई डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याने कर्जापायी जीव दिला आहे. घरात दोन मुलं, सासू, आणि शेजारच्या वाड्यात थोरला दीर. अजून तेरावा व्हायचा आहे, आणि चौकशीला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. पोलीस पाटील येतो, तलाठी येतो, पंचनामा होतो. राज्य सरकारच्या २००६ सालच्या निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना १ लाख रुपये मिळतात: ३० हजार रोख, आणि ७० हजार बँकेत किंवा पोस्टात मुदतीने. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. शेतजमीन कुटुंबाची हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि त्या कर्जाच्या परतफेडीच्या तगाद्यानेच मरण आलं हे दिसायला हवं. आता गावात ज्याने पैसे दिले त्याच्याकडे परवाना कुठला असणार? कृषी सेवा केंद्राची उधारी, व्याह्याकडून घेतलेले हातउसने पैसे, दागिना मोडून भरलेला हप्ता, यांतलं काहीच निकषात बसत नाही. मग प्रकरण ‘अपात्र’ ठरतं. माणूस गेला तो गेलाच, पण सरकारदरबारी तो शेतीपायी गेला नाही असं लिहिलं जातं. हे लिहिणाऱ्या समितीसमोर जाऊन बोलायचं असतं हे त्या बाईला सांगणारं कोण असतं?

त्यानंतर सातबारा. नवरा मेल्यावर वारसांची नावं आपोआप चढत नाहीत. तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, वारस नोंदीचा फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवऱ्याच्या हिश्श्यात पत्नीला, प्रत्येक मुला-मुलीला आणि नवऱ्याच्या आईला सारखा वाटा दिला आहे. म्हणजे वर सांगितलेल्या घरात त्याच्या हिश्श्याचे चार समान वाटे. कागदावर हे इतकं सरळ आहे. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर अनेकदा थोरल्या दिराचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं असतं, आणि त्या ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांमागे धाकट्या भावाचा सगळा संसार दडलेला असतो. दीर म्हणतो, नावं लावायची घाई काय आहे, जमीन कुठं पळून चालली आहे? काही महिन्यांनी तोच दीर तालुक्याला घेऊन जातो. ‘वहिनी, सोसायटीचं काम आहे, एक सही लागते.’ ती सही हक्कसोडपत्रावर असते.

महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे ‘मकाम’ने, २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायकांना, त्या स्वतः कसत असलेल्या शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. ३३ टक्के बायकांना आपण निवृत्तिवेतनाला पात्र आहोत हेच ठाऊक नव्हतं. २०२५ साली महसूल खात्याला मृत खातेदारांच्या वारसांची नावं लावण्यासाठी राज्यभर ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली, यावरून किती सातबाऱ्यांवर मेलेल्या माणसांची नावं तशीच पडून होती याचा अंदाज यावा. आता मला सांगा, या ४० टक्के बायकांकडे जिद्द नव्हती का? त्या तर जमीन कसत होत्या. पहाटे उठून पाणी धरत होत्या, फवारणीचा पंप पाठीला लावत होत्या. त्यांच्याकडे नव्हता तो फेरफार नंबर, आणि फेरफार नंबर जिद्दीने पडत नाही.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. दोन मुलांची आई एवढ्यात जगते असं तलाठ्याने लिहून द्यायचं, आणि तिने ते खरं म्हणून सादर करायचं. मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, मुलांचे जन्माचे दाखले. यांतल्या प्रत्येक कागदासाठी एक खेप. खेप म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी. आज साहेब मीटिंगला गेले, उद्या सर्व्हर बंद. त्या दिवशी धाकट्याला ताप असेल तर त्याला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न कुठल्याही शासन निर्णयात नाही. तो शेजारणीनेच सोडवायचा असतो. शेजारीण नसेल तर खेप चुकते, खेप चुकली की मुदत चुकते, आणि मुदत चुकली की पुढच्या वर्षी बघू.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, पूर्वीच्या बायकांनी याहून भयंकर दिवस काढले. त्यांना कुठे संघटना होत्या? हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासातली मोठी नावं एकेकट्या तेजस्वी स्त्रियांची म्हणून सांगितली जातात, त्यामुळे तो पटतोही. पण तोच इतिहास नीट पाहिला तर माझीच बाजू सांगतो.

पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती. आई-वडील दुष्काळात गेले होते, भाऊ गेला होता, मग नवराही गेला. त्या विदुषी होत्या, धाडसी होत्या, यात शंका नाही. पण मुंबईत १८८९ साली शारदा सदन उभं राहिलं ते अमेरिकेत रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली म्हणून. त्या सदनात सुरुवातीच्याच विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तिला तिथे पोचवलं तिच्या भावाने, नरहरपंत जोशींनी. गोदूबाई तिथे शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. ती आनंदीबाई, बाया कर्वे झाली. बायाच्या घराचं दार तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिला उघडलं. पार्वतीबाई विशीत विधवा झाल्या होत्या आणि त्यांना एक मुलगा होता. अक्षरओळख जेमतेम, केशवपन झालेलं. बहिणीच्या घरी राहून त्या शिकल्या, कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामाला लागल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली, आणि १९१८ साली त्याच कामासाठी अमेरिकेला गेल्या. त्या आश्रमालाही हिंगण्याची जागा दिली ती रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी.

यांतली एकेक व्यक्ती काढून बघा. रमाबाई नसत्या तर गोदूबाईला शाळा नव्हती. भावाने हिंमत केली नसती तर ती त्या शाळेच्या दारापर्यंत पोचलीच नसती. बाया नसती तर पार्वतीबाई देवरुखच्या घरात आयुष्यभर सोवळ्यात राहिल्या असत्या. एका बाईने दुसरीला हात दिला, दुसरीने तिसरीला, आणि मागे जागा, पैसा, शिक्षक, वर्गणीदार अशी फळी उभी राहिली. आपण मात्र शाळेच्या पुस्तकात एकेकीचं चरित्र वेगवेगळं छापलं आणि त्यांना जोडणारं सगळं गाळून टाकलं.

याहून कठोर पुरावा हवा असेल तर पुण्यातल्या फुल्यांच्या घराकडे बघावं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं, अशी सोय केली. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे आली आणि बाळंत झाली. तिचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंसोबत रोग्यांची सेवा करत होता. आता दुसरी बाजू. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या अशाच एका तरुण विधवेवर नवजात बालकाच्या हत्येचा खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली आणि त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. दोन बायका, एकच काळ, एकच संकट. एकीला जाण्यासाठी घर होतं, तिचं मूल डॉक्टर झालं. दुसरीला घर नव्हतं, तिचं मूल मेलं आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. यात जिद्दीचा संबंध कुठे आला?

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांकडे वळतो.

पहिला आक्षेप घरातून येतो. घरची माणसं आहेत ना, बाहेरच्यांनी लक्ष घालायचं कारण काय? संघटनेच्या बायका येतात आणि घरं फोडतात. हे बोलणाऱ्यांत सगळेच लबाड नसतात. अनेक घरांत दीर भावाच्या मुलांना आपल्या मुलांसारखं वाढवतो, सासू सुनेच्या पाठीशी उभी राहते. अशा घरांत संघटनेला कामच नसतं. पण ज्या घरात वाटा मागितला की घर फुटतं, ते घर त्या बाईच्या वाट्यावरच टिकून होतं असा त्याचा अर्थ आहे. घर जोडून ठेवण्याची किंमत सगळ्यांत दुबळ्या माणसाने का मोजावी? आणि घरच्यांच्या भल्यासाठीही बाहेरचे चार डोळे बरे असतात. ज्या दिराच्या मनात काही नाही त्याला वारस नोंदीची भीती वाटायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप: मदतीने माणूस परावलंबी होतो. नेमका हा आक्षेप विधवांच्या बाबतीतच का सुचतो याचं मला आश्चर्य वाटतं. पश्चिम महाराष्ट्रातला साखर कारखाना हे सामुदायिक मदतीचं केवढं मोठं उदाहरण आहे. शेअर भांडवलात सरकारचा वाटा, कर्जाला सरकारची हमी, तोडणी-वाहतुकीची व्यवस्था कारखान्याची. त्यातून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला कुणी परावलंबी म्हणत नाही. त्याला आपण प्रगतिशील बागायतदार म्हणतो. आपल्या खेड्यांत इर्जिक होती, सावड होती. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. त्यात कुणाला कमीपणा नव्हता, कारण प्रत्येकाला ठाऊक होतं की एकट्याने पेरणी उरकत नाही. घरातला पुरुष गेला, बैलजोडी विकली गेली, की फेडीला काही उरत नाही, आणि बाई सावडीतून बाहेर पडते. तिला परत सावडीत घेणं हे दान कसं होईल? तिचं फेडणं वेगळ्या रूपात येतं. कालची अर्ज घेऊन रडणारी बाई उद्या दुसरीला घेऊन तहसीलला जाते. मराठवाड्यात कोरो या संस्थेच्या साथीने एकल महिलांची संघटना उभी राहिली, तिचा कणा अशाच बायकांचा आहे. राजस्थानात २००० सालाच्या सुमारास उभं राहिलेलं एकल नारी शक्ती संघटनही विधवा आणि एकल स्त्रियांनी स्वतःच चालवलं.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा. हे सरकारचं काम आहे. योजना आहेत, कायदे आहेत, समाजाने मध्ये पडायची गरज नाही. सरकारचं काम आहे हे मी पहिल्यांदा मान्य करतो. पण कुणाच्याही पाठपुराव्याशिवाय सरकार विधवेच्या दारात गेल्याचं उदाहरण मला सापडत नाही. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाचा अधिकार दिला, पण त्याच कायद्यात तिने लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपेल असं कलम होतं, आणि मुलांचा ताबा त्याच्या नातेवाइकांना मागता येईल असंही कलम होतं. म्हणजे आई असलेल्या विधवेपुढे लग्न की लेकरं असा पर्याय कायद्यानेच ठेवला. तो कायदा रद्द व्हायला १९८३ साल उजाडलं. अलीकडचं पाहायचं तर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर राज्यभर तरुण विधवांची संख्या डोळ्यांसमोर वाढत होती. तेव्हा हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती स्थापन केली, तालुक्या-तालुक्यांत याद्या केल्या, अर्ज भरून घेतले, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ‘मिशन वात्सल्य’ जाहीर करून तालुका पातळीवर समित्या नेमल्या त्यामागे हा रेटा होता. बालसंगोपन योजनेत मुलामागे आज महिन्याला २२५० रुपये मिळतात, पण आपल्या मुलांना ते मिळू शकतात हे विधवा आईच्या कानावर कार्यकर्तीच घालते. योजना सरकारची असते. ती घरापर्यंत पोचवणारे पाय माणसांचे असतात, आणि ते पाय पगारी नसले तर गावाने त्यांना बळ द्यायला हवं.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि तो माझ्याच बाजूच्या मैत्रिणी घेतात. त्या म्हणतात, तुम्ही समाजाच्या सोबतीचं बोलता. पण त्या बाईला छळतो कोण? कुंकू पुसणारे, बांगड्या फोडणारे, हळदीकुंकवातून उठवणारे, लग्नघरात अक्षता टाकताना मागे उभं करणारे, तिच्या दारात कुणाची मोटरसायकल थांबली यावर लक्ष ठेवणारे, हे सगळे ‘समाज’च नाहीत का? त्यांच्याच हाती तिला पुन्हा सोपवायचं?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. समाज म्हणजे आपोआप मायेची ऊब असं मी मानत नाही. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि ती झळ त्यांच्या घरच्यांनाही सोसावी लागली. गाव एकत्र आलं की असंही घडतं. पण २०२२ च्या ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी ही मागणी लावून धरली होती. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवाविवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. हेरवाडनंतर दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं.

मुरूडची सभा आणि हेरवाडची सभा, दोन्ही गावांचेच निर्णय. एकीने विधवेच्या नव्या संसाराला वाळीत टाकलं, दुसरीने तिच्या अंगावरचे हात मागे घेतले. यातून मी एवढंच शिकतो की गाव छळतं ते ठरवून, आणि सांभाळतं तेही ठरवूनच. छळाचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला म्हणून तो नैसर्गिक वाटतो इतकंच. त्यामुळे समाजापासून बाईला वाचवायचं असेल तरी ते समाजातच, त्याच्या ठरावांत आणि त्याच्या बैठकीत शिरून करावं लागेल. शहरात एकटी खोली घेऊन राहणं प्रत्येकीला जमत नाही. तिची जमीन तिथे आहे, मुलांची शाळा तिथे आहे, आणि म्हातारी सासूही तिथेच आहे.

हेरवाडच्या ठरावावर टीकाही झाली. बांगड्या राहिल्या म्हणून पोट भरतं का, असं विचारलं गेलं. पोट भरत नाही, हे खरं. पण ज्या बाईला सगळ्यांसमोर बांगड्या फोडून ‘तू आता अर्धी झालीस’ असं सांगितलं जातं, तिने आठ दिवसांनी दिरासमोर उभं राहून वाटा मागावा अशी अपेक्षा कशी करायची? प्रथा आणि जमीन ही एकाच अन्यायाची दोन टोकं आहेत. कपाळ मोकळं करताना तिचा आवाजही काढून घेतला जातो, म्हणून पुढची सही इतक्या सहज मिळते. मात्र हेही तितकंच खरं की कुंकवावर थांबणारा ठराव अपुरा आहे. हेरवाडने दार उघडलं. आत जाणं बाकी आहे.

त्यासाठी गावाने काय करावं हे अगदी साध्या शब्दांत सांगता येतं. गावात कुठल्याही विवाहित पुरुषाचा मृत्यू झाला की महिन्याच्या आत वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने तलाठ्याकडे जावा. बाईने मागितला की नाही याची वाट पाहू नये. मुलं अज्ञान असतील तर त्यांची पालनकर्ती म्हणून आईचं नाव लागलं आहे ना, हे पाहावं. बचत गटाने तिचे थकलेले हप्ते पुढे ढकलावेत आणि गटातून तिचं नाव काढू नये. निराधार योजना, बालसंगोपन, शिधापत्रिका यांच्या अर्जासाठी तिच्यासोबत दर खेपेला गटातली एक बाई जावी आणि तिची बुडालेली रोजंदारी गटाने किंवा पंचायतीने भरून द्यावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचा नियम आहे. ती कागदावर न उरकता प्रत्यक्ष घ्यावी, आणि गावातल्या एकल बायकांच्या अर्जांचं काय झालं हा तिच्या पुढ्यातला पहिला विषय असावा. यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. मोठा पैसाही लागत नाही.

आणि एक ठराव मला सगळ्यांत निकडीचा वाटतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पहिलं वर्षभर कुठल्याही विधवेच्या हक्कसोडपत्रावर गावातला कुणीही साक्षीदार म्हणून सही करणार नाही, असं ग्रामसभेने ठरवावं. त्या कागदाला साक्षीदार लागतात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिची ओळख पटवायला माणसं लागतात. ती माणसं बाहेरगावची नसतात. आपलीच असतात, चहाच्या पैशांवर किंवा भिडेखातर जाणारी. आजवर विधवेची जमीन गेली ती एका दिराच्या हव्यासाने, आणि सोबत गेलेल्या चार जणांच्या सहीने. त्या चौघांनी यायला नकार दिला तर तो कागद होणार नाही. एखाद्या बाईच्या हिमतीवर भाषण करणं सोपं आहे. तिच्या दिराला, जो आपला पाहुणा आहे, पक्षातला सहकारी आहे, ज्याच्याकडे आपलंही काम अडलेलं आहे, त्याला तोंडावर ‘मी सही करणार नाही’ असं सांगणं अवघड आहे. जी हिंमत आजवर आपण तिच्याकडून मागत आलो, ती आता गावातल्या पुरुषांनी दाखवावी.